दोनदा नको

ताई बसमधून उतरली तेव्हा तिच्या एका हातात कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातावर जाडजूड लोकरीचा कोट. ऐन उन्हाळा होता. स्टँडबाहेरचं डांबर मऊ पडलं होतं आणि माणसं वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत होती. तिच्यामागून उतरणारा एक तरुण म्हणाला, "आजी, आज बर्फ पडणार आहे वाटतं?"

"पडला तर तू कुडकुडशील, मी नाही," ताई म्हणाली आणि मागं न बघता माझ्यापाशी आली.

मी हात पुढे केला. "दे तो कोट."

"असू दे."

"दे गं, जड आहे."

"नको रे, सवय आहे."

मी हात मागे घेतला आणि आम्ही चालायला लागलो. कोट तिच्याकडेच राहिला.

दोन दिवसांसाठी आलेलं माणूस थंडीतला कोट बरोबर आणत नाही, एवढं मला कळत होतं. खरं तर ते आधीच कळलेलं होतं. आदल्या आठवड्यात भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा, फोन आला होता. त्याला परदेशात नोकरी लागली होती. राहतं घर भाड्याचं होतं आणि महिनाअखेरीला ते सोडायचं होतं. ताईसाठी त्यानं एका वृद्धनिवासात खोली बघितली होती.

"जागा चांगली आहे, मामा. स्वच्छ आहे, बाग आहे. सोमवारी त्यांना हो की नाही ते कळवायचंय. पण आईच्या मनात तुमच्याकडे यायचंय. ती तोंडानं बोलायची नाही, तुम्हाला माहीतच आहे. शहर बघायला म्हणून पाठवतोय. तुम्हीच विचारा तिला."

मी म्हटलं, "बघतो."

फोन ठेवून मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. तिनं यावं असंही वाटेना आणि येऊ नये असंही वाटेना. थंडीत बायको गेली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. लोक भेटायला आले, डोळे पुसून गेले, आणि मी त्यांना पाणी देत राहिलो. दुःख म्हणतात तेही नीटसं झालं नाही. दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपला गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी सगळ्या अंगाला झालं होतं. यापेक्षा बरं सांगता येत नाही मला.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा भाचा रांगत होता. ती तिच्या गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली आणि केस पांढरे झाल्यावर तिथून बाहेर पडली. तिचं काम चादरींच्या घड्या घालायचं. इस्त्रीच्या मोठ्या रुळांमधून चादर तापून बाहेर यायची आणि समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बायका ती झेलायच्या. ताणायची, मधोमध दुमडायची, चालत एकमेकींपर्यंत यायचं, टोकं समोरचीच्या हातात द्यायची, खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागं जायचं. दिवसभर पुढं-मागं. तिची जोडीदारीण शेवटपर्यंत एकच होती. दोघी त्याला 'आमचा नाच' म्हणायच्या. त्या तापल्या कापडानं ताईच्या बोटांची टोकं मेली. पेरांवरच्या रेषासुद्धा पुसट झाल्यात. उकळत्या चहाचा पेला ती नुसत्या हातानं उचलते आणि चहा निवेपर्यंत धरून ठेवील. लहानपणी भाचा शाळेत सांगायचा की माझ्या आईला आग लागत नाही.

हे सांगताना आमच्या आईबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आईची एक शिस्त होती. कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं तरच घ्यायचं. माणूस पहिल्यांदा तोंडदेखलं विचारतो, दुसऱ्यांदा भिडेनं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर ते मनापासून, असा तिचा हिशोब. आम्ही दोघं भावंडं या शिस्तीत वाढलो आणि त्यापायी पुष्कळ ठिकाणांहून उपाशी परत आलो, कारण बाहेरच्या जगात तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. माझी ही खोड बायकोनं मोडली. तिच्या माहेरी नको म्हणजे नको. नवीन लग्न झालेलं असताना ती एकदा वाढू का विचारायची, मी नको म्हणायचो आणि ती खुशाल भांडं झाकून ठेवायची. महिन्याभरात मी सुधारलो. "तुमच्या घरचं माणूस नदीत पडलं ना," ती म्हणायची, "तर काठावरच्यानं तीनदा 'बाहेर येता का' विचारेपर्यंत तळाला जाईल." मी तिच्यासारखाच झालो. मोजायचंच विसरलो.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ताई जिना न थांबता चढली, पण वर पोचल्यावर कठड्याला धरून उगाच खालच्या अंगणाकडे बघत राहिली. पुढच्या खोलीत मी तिच्यासाठी जमिनीवर गादी घातली होती. पाय धुऊन ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरच थांबली.

आत दोन खाटा होत्या. एक माझी. दुसरीवर बायकोचे कपडे, गरम पाण्याची रबरी पिशवी, शिवणाच्या मशीनचं झाकण, आणि इस्पितळानं तिच्या वस्तू ज्या पिशवीत घालून माझ्या हाती दिल्या ती पिशवी. तिची गाठसुद्धा मी सोडली नव्हती. थंडीत ठेवलेलं उन्हाळ्यात तसंच होतं. खाट सगळी झाकली गेली होती.

ताई परत येऊन गादीवर बसली.

"गादी पातळ आहे का गं?" मी विचारलं.

"मला काय, फरशीवरसुद्धा झोप लागते." कोट तिनं खुंटीला टांगला नाही. घडी करून पिशवीवर ठेवला. "मग? दाखव तुझं शहर. जन्म घालवलास इथं."

जन्म घालवला हे खरं. पण मी पाण्याचे मीटर वाचायचो. मला हे शहर खालून माहीत आहे. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, अंगणातल्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली जिथं जिथं मीटर असतो तिथं मी टॉर्च घेऊन वाकलेलो आहे. कुणाच्या मीटरवर झुरळं असतात आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे मी सांगू शकेन. पाहुणे जिथं जातात तिथं मात्र मी कधी गेलो नव्हतो. म्हणून मी शेजारच्या मास्तरांना विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, मनोरा, संग्रहालय आणि नदीतली होडी. एवढं झालं की शहर झालं.

शनिवारी आधी मनोरा केला. रांग उन्हात होती. ताईनं पदर डोक्यावर घेतला होता आणि तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. मध्येच तिनं माझ्या मानेकडे निरखून बघितलं.

"तुला घाम कसा येत नाही रे?"

"येत असेल."

"नाही येत. कोरडा ठणठणीत आहेस. बरं वाटतंय ना?"

"काही वाटत नाहीये," मी म्हटलं, आणि तिला ते उत्तर पुरलं.

लिफ्टवाला बसूनच बटणं दाबत होता. ताईनं त्याला विचारलं, "दिवसातनं किती वेळा वर जाता हो?"

"मोजत नाही, मावशी. मोजलं तर उद्या यावंसं वाटणार नाही."

"वरून बघता तरी का?"

"सुरुवातीला बघायचो," तो म्हणाला. "आता दार उघडतं, बंद होतं."

वर वारा होता, पण तोही गरम. शहर चहूकडे पसरलं होतं, धुरकट, बिनरंगाचं. लोक आपापली घरं शोधत होते. एक बाई नवऱ्यावर ओरडत होती, "ते आपलं नाही, आपल्या गच्चीवर टाकी निळी आहे!" मी ताईला माझे भाग दाखवले. कापड बाजारामागच्या गल्ल्या, रेल्वेच्या चाळी, टेकडीवरचे बंगले. ती मी दाखवेन तिकडे बघत होती आणि मी न दाखवलेल्या ठिकाणीही बघत होती.

"तुझं घर कुठंय?"

मला सापडेना. मी बराच वेळ शोधलं. पाण्याच्या टाक्या मोजल्या, देऊळ नाही, शाळा नाही, काही खूण लागेना.

"राहू दे," ताई म्हणाली. "असेल तिथंच."

तेव्हा मी विचारलं. का तेव्हाच विचारलं ते माहीत नाही. भाच्याला बघतो म्हटलं होतं, ते संपवून टाकावं असं असेल. "ताई, तू इकडेच का येत नाहीस राहायला?"

ती कठड्यावरून मागं सरली. "छे रे. मला कुठं करमणार इथं."

नको म्हणजे नको. मी मान हलवली. सुटलो असंही वाटलं नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि आम्ही खाली आलो.

संग्रहालयात गारवा होता, तेवढं एक बरं. जुनी नाणी, भांडी, कुणाकुणाच्या तलवारी. ताई दुसऱ्याच दालनात बाकावर बसली आणि बसल्या बसल्या झोपी गेली. तोंड किंचित उघडं. मी शेजारी बसून राहिलो. पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला आणि मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, इथं झोपायला मनाई आहे."

"उठवू का?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. "राहू द्या. साहेब जेवायला गेलेत. पण घोरल्या तर मी ओळखत नाही तुम्हाला."

ती घोरली. तो पलीकडच्या दालनात निघून गेला.

रविवारी सकाळी मी उठलो तर तिनं गादी गुंडाळून ठेवली होती आणि रात्रीची चादर हातात घेऊन उभी होती. "ये इकडे. दोन टोकं धर."

मी धरली.

"ताण. अरे ताण! ढिली सोडलीस तर पोटात वारा भरतो तिच्या." मी ताणली. "आता उजवं वर. तुझं उजवं, बाबू, माझं नाही." घरात मला बाबू म्हणणारी तेवढी एकच उरली आहे. "ये पुढं. माझ्या हातात दे. आता खालून उचल."

मी तिच्यापाशी गेलो, टोकं तिच्या हातात दिली आणि आमचे हात लागले. तिची बोटं गुळगुळीत होती, साबणाच्या वडीसारखी. चादरीची घडी झाली ती मात्र एखाद्या पुस्तकासारखी नेमकी.

"बघ," ती म्हणाली, "एकट्यानं होत नाही असली घडी. मी करून बघितलंय. एक टोक दारात अडकवून, दातात धरून. नाही होत."

कालच विचारून झालं होतं, पण तोंडातून निघालं. "म्हणून म्हणतोय, राहा इथं."

"नको. तुला अडचण कशाला." तिनं चादर माझ्या हातात दिली. बोलताना तिनं आतल्या खोलीकडे बघितलं, मग लगेच खिडकीकडे.

मी म्हटलं, "बरं."

होडी दुपारची होती. त्याआधी ताई म्हणाली की मनोरे बिनोरे पुरे झाले, तू कामाला जायचास तो रस्ता दाखव. म्हणून तिला कापड बाजारामागच्या गल्ल्यांमध्ये नेलं. रविवार असल्यानं निम्मी दुकानं बंद होती. कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान उघडं होतं. त्याच्या पायरीखाली पाच दुकानांचे मीटर होते, त्यामुळे आमची ओळख जुनी. त्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न काढताच हाक मारली.

"अरे मीटरसाहेब! रिटायर झालात ना? आज सुट्टीच्या दिवशी कुणाचं पाणी मोजताय?"

"बहिणीला शहर दाखवतोय."

"मग इथं काय आणलंत? इथं बघायला मी एकटाच आहे." तो ताईला म्हणाला, "यांनी आमच्या पायरीखाली इतकं डोकं घातलंय, की आम्हाला यांचं टक्कल तोंडापेक्षा जास्त ओळखीचं." गिऱ्हाईक हसलं. "हलू नका हो, कान जाईल," न्हावी त्याला म्हणाला आणि मग मला विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

"नमस्कार सांगा."

"सांगतो."

आम्ही गल्लीच्या टोकाला आलो. तिथं नळ होता. ताईनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

"ठीक आहे म्हणालास."

"हो."

"का रे?"

"दुकानात गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं. त्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस होता, हे मला अजून आठवतं. ताईनं नळ नीट बंद केला. तो थेंब थेंब गळत होता. तिनं पुन्हा पिळला. मग आम्ही चालायला लागलो.

नदीकाठी आइसक्रीमची गाडी होती. मी विचारलं, "खातेस?" ती म्हणाली, "नको, घसा धरतो." मी एक घेतलं आणि बाकावर बसून खायला लागलो. आइसक्रीम वितळून माझ्या मनगटावर ओघळत होतं. ताई शेजारी बसली होती आणि समोर नदीकडे बघत होती. मध्ये एकदा तिची नजर माझ्या हाताकडे आली आणि परत गेली. लहानपणी शेजारच्या काकू लाडू पुढं करायच्या तेव्हा ती अशीच लांब कुठंतरी बघायची.

माझा हात थांबला.

"ताई, खातेस का आइसक्रीम?"

"नको म्हटलं ना."

"खातेस का गं?"

"लहानसं आण," ती ताबडतोब म्हणाली. "पिस्ता असेल तर."

ते तिनं कागद चाटून संपवलं. मग म्हणाली, "बायको गेली तरी तिचीच सवय राहिली तुला. ती बिचारी एकदाच विचारायची. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा दोन दिवस अर्धपोटी होते मी."

"मग सांगायचं नाहीस?"

"कसं सांगणार? मी पाहुणी."

मी बसल्या जागी मोजलं. मनोऱ्यावर एकदा. सकाळी चादरीच्या वेळी एकदा. दोनदा विचारून झालं होतं. दोनदा ती नको म्हणाली होती. एक राहिलं होतं.

मग होडी. होडीत आम्ही मधल्या बाकावर बसलो. मार्गदर्शक पोरगी भोंगा हातात घेऊन दोन्ही काठांवरच्या इमारती सांगत होती, कुणी बांधली, कधी जळाली, पुन्हा कुणी बांधली. पुलाखालून जाताना क्षणभर अंधार व्हायचा आणि सगळे गप्प व्हायचे. मी त्या एका उरलेल्या विचारण्याबद्दल विचार करत होतो. आता कुठलाच आडपडदा नव्हता. मी विचारलं की ती हो म्हणणार, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. नाही विचारलं तर ती बसमध्ये बसेल आणि सोमवारी त्या बागवाल्या जागेत होकार जाईल. तिथं तिला कुणी तिसऱ्यांदा विचारणार नाही. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. पण मला काय हवंय, ते बघायला गेलो की तिथं काहीच नव्हतं. झाकण उचलावं आणि खाली मीटरच नसावा तसं. आईचा हिशोब असा होता की तिसऱ्यांदा विचारायचं ते मनापासून. माझं मनच कुठं ठेवलंय ते मला सापडत नव्हतं.

"तो बघ, आपला मनोरा," ताई म्हणाली.

"हो."

"खालून बराच उंच दिसतो."

घरी येऊन तिनं पिशवी भरली. भरायला फारसं काही नव्हतंच. कोट हातावर घेतला. खुंटी मोकळी होती ती मोकळीच राहिली.

स्टँडवर संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. तिची बस लागलेली होती, इंजिन चालू. ताई पायरीपाशी थांबली. मला म्हणाली, "पाणी पीत जा. आणि खिडक्या उघडत जा, घरात वास येतो." पण ती चढेना. कंडक्टर मागच्या दारात उभा राहून गावाचं नाव घेऊन ओरडत होता.

"ताई," मी म्हटलं, "राहतेस का माझ्याकडे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा हसरा झाला नाही.

"हे तिसऱ्यांदा झालं."

"हो."

"मोजून विचारलंस, की हवी आहे म्हणून विचारलंस?"

न्हाव्याला सांगितलं तसं काहीतरी सांगता आलं असतं. हवी आहे म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता, किंवा ठेवल्यासारखं केलं असतं. पण ती माझ्याकडे इतकी सरळ बघत होती, की मला ते जमलं नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला हल्ली काही वाटतच नाही, ताई. तू आलीस तर बरं वाटेल का, सांगता येत नाही. गेलीस तरी काय वाटेल ते सांगता येत नाही. ती गेली तेव्हापासून असंच आहे. मी रडलोसुद्धा नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगूनही काही हललं नाही.

ताईनं कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "माझी जोडीदारीण मला विचारायची, चादर निवली का गं? मी म्हणायची, मला काय विचारतेस, माझ्या बोटांना कळतंय कुठं." तिनं आपली बोटं एकमेकांवर घासली. "तरी घडी बसायचीच की रे. तिला कळायचं, मी धरायची."

"आजी," कंडक्टर ओरडला, "गप्पा मारायच्या तर गाडीत बसून मारा!"

"गाडीत माझा भाऊ आहे का?" ताईनं त्याला विचारलं. "नाही ना? मग थांब." आणि मला म्हणाली, "ती खाट रिकामी कर. फेकू नकोस काही, नीट ठेव. काय वाटायचं ते नंतर बघू. मी तिकडचं आवरते आणि महिनाअखेरीला येते."

"बरं."

"बरं काय? येऊ का?"

"ये."

"नक्की येऊ?"

"ये म्हटलं ना."

"येऊ का रे?"

"ये गं बाई," मी म्हटलं, तेव्हा ती बसमध्ये चढली.

बस हलली आणि खिडकीतून कोट बाहेर आला. "हा ठेवून घे! पुन्हा कशाला ओझं वाहायचं." मी पहिल्याच वेळेला घेतला. तिचा हात आत गेला. बस वळून दिसेनाशी झाली, आणि मी तिथंच उभा होतो. डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं, पण आलं नाही.

घरापर्यंत चालतच गेलो. कोट हातावर होता. येणारे-जाणारे बघत होते, एका लहान मुलीनं आईला बोट करून दाखवलंसुद्धा. जिना चढून वर आलो आणि कुलूप काढायला कोट दुसऱ्या हातावर घेतला, तेव्हा लक्षात आलं की कोटाखालचा हात कोपरापर्यंत घामानं ओला झाला होता. किल्ली बोटांतून निसटत होती. हात शर्टाला पुसला आणि दार उघडलं.

कोट खुंटीला टांगला. मग आतल्या खोलीत गेलो आणि खाटेवरचं एकेक उचलायला लागलो. कपडे कपाटात, मशीनचं झाकण मशीनवर. मशीन इतके महिने उघडंच पडलं होतं. इस्पितळाच्या पिशवीची गाठ सुटेना, नखांनी सोडवली. आत तिचा चष्मा, कंगवा, सपाता, अर्धा वापरलेला साबण. साबणाला भेगा पडल्या होत्या. मी एकेक वस्तू हातात घेतली आणि ठेवली. काही झालं नाही. चष्मा तेवढा माझ्या चष्म्याशेजारी ठेवला, कारण तो तिथंच असायचा.

शेवटी खाटेवरची चादर काढली. तिची घडी करायला गेलो. एक टोक दाराच्या कडीला अडकवलं, दुसरं हातात धरलं. ताणली, तर कडीतून सुटली. हनुवटीखाली धरून बघितली. जमिनीवर पसरून बघितली. घडी म्हणण्यासारखं काही होईना.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मामा, विचारलंत का तिला?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"दोनदा नको म्हणाली."

आमच्याच शिस्तीत वाढलेला मुलगा तो, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे उद्या त्यांना नाही कळवू?"

"कळव."

"मामा, तुम्हाला अडचण नाही ना होणार?"

"नाही."

"बघा हं. मला बरं वाटावं म्हणून म्हणू नका. अडचण नाही ना?"

"नाही रे."

"खरंच नाही ना मामा?"

मी हातातल्या चादरीच्या बोळ्याकडे बघितलं. "आहे जरा," मी म्हटलं. "ही एक चादर पडली आहे. ती येईपर्यंत तिची घडी होणार नाही."